तीराच्या टप्प्यात

बंदूकवाला सावजापासून दोनशे मीटरवर थांबला तरी त्याचे काम होते. धनुष्यवाल्याचे होत नाही. त्याला तीस-चाळीस मीटरच्या आत शिरावे लागते, आणि तेही अशा जनावराच्या, ज्याचे नाक, कान आणि डोळे माणसापेक्षा कितीतरी तेज आहेत. फासे लावणाऱ्याचे काम त्याहून कठीण. जनावराने स्वतःच्या पायांनी चालत येऊन नेमक्या त्याच वितीवर खूर टेकवला पाहिजे. हत्यार जितके दुबळे, तितकी जनावराची माहिती जास्त लागते. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या माळांवर अशी माहिती पिढ्यान्‌पिढ्या बाळगणारी माणसे राहत आली आहेत, आणि पुढची पाने त्यांच्या विद्येविषयी आहेत. त्या विद्येची किंमत कळावी म्हणून आधी थोडे दूर, अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात जाऊन येऊ.

तिथे एल्क नावाचे मोठे हरीण आहे. आपल्या सांबराचे जवळचे नातलग, पण अंगाने थोराड. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. कोलोरॅडो, मोंटाना, वायोमिंग या राज्यांत अडीच-तीन हजार मीटर उंचीवरच्या फर-स्प्रूसच्या रानात आणि गवताळ कुरणांत तो उन्हाळा काढतो. आपले कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे ही राने त्याच्या दीडपट-दुप्पट उंचीवर. सप्टेंबरात माजावर आलेले नर ओरडू लागतात. एवढ्या प्रचंड जनावराच्या गळ्यातून लांब, उंच शिटीसारखा आवाज निघतो आणि शेवटी घोगरा होत जातो. धनुष्याने शिकार करणाऱ्यांचा हंगाम याच महिन्यात असतो, कारण जनावर बोलते आहे तोवरच त्याला बोलून जवळ आणता येते. शिकारी तोंडात एक पातळ पडदा धरून मादीचा आवाज काढतो, नर उत्तर देतो. कधी तासभर हा संवाद चालतो आणि नर शेवटची पन्नास पावले येतच नाही.

न येण्याचे कारण बहुतेक वेळा वारा. डोंगरात पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते. ऊन चढले की तीच हवा वर सरकू लागते. म्हणून सकाळी जनावराच्या खालच्या बाजूने चढायचे आणि ऊन तापल्यावर वरच्या बाजूला जाऊन थांबायचे, हा तिथला पहिला धडा. तिथले शिकारी खिशात भुकटीची छोटी बाटली बाळगतात. दर थोड्या वेळाने चिमूटभर उडवून हवा कुठे जाते ते बघतात. बाण नेमका छातीत, काळजा-फुप्फुसांवर लागला तरी जनावर जागेवर पडत नाही. शंभर-दीडशे मीटर पळते. जाणता शिकारी लगेच मागे धावत नाही, अर्धा-पाऊण तास बसून राहतो आणि मग रक्ताचे थेंब, मोडलेले गवत, उलटलेली पाने पाहत माग काढतो. घाई केली तर जखमी जनावर उठून मैलभर जाते आणि कुठेतरी झाडीत तडफडून मरते. हे पाप तिथले चांगले शिकारी सर्वांत मोठे मानतात.

त्यांच्या हातातले धनुष्य आता आपल्यालाही अनोळखी राहिलेले नाही. दोन्ही टोकांना चाके बसवलेले ते कंपाउंड धनुष्य. मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना 1969 मध्ये त्याचे पेटंट मिळाले. दोरी पूर्ण ओढली की चाकांमुळे हातावरचा ताण एकदम उतरतो आणि माणूस शांतपणे नेम धरून राहू शकतो. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 साली बर्लिनला ज्या प्रकारात जगज्जेते झाले, तो हाच. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. महाराष्ट्रातल्या मुलामुलींच्या हातात हे धनुष्य शोभून दिसते, आणि त्यांचे लक्ष्य कागदाचे आहे याचे मला समाधानच आहे.

पण अमेरिकेतली आजची धनुष्याची शिकार कुठून आली, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. 1911 च्या ऑगस्टात कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळच्या खाटीकखान्याच्या कुंपणापाशी एक उपाशी, एकटा माणूस सापडला. वय पन्नाशीच्या आसपास. तो याही जमातीचा होता. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या पशुपालकांनी ही जमात गोळ्या घालून, हुसकावून संपवत आणली होती आणि उरलेले मूठभर लोक डोंगरात लपून जगत होते. त्यांतला हा शेवटचा. विद्यापीठाच्या लोकांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणून ठेवले. स्वतःचे नाव तो सांगेना, म्हणून त्याला ‘इशी’ म्हणू लागले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘माणूस’.

संग्रहालयाशेजारच्या रुग्णालयात सॅक्स्टन पोप नावाचे शल्यविशारद होते. इशीच्या प्रकृतीची देखभाल करता करता ते त्याचे शिष्य बनले. धनुष्याचे लाकूड कसे निवडायचे, त्याच्या पाठीवर जनावराच्या स्नायूचे धागे कसे चिकटवायचे, दगडाचे पाते कसे उडवायचे हे सगळे ते त्याच्या हाताखाली शिकले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रानात कसे वागायचे ते शिकले. शिकारीच्या आधी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे, ओढ्यात अंघोळ करून अंगाला पानांचा रस चोळत असे. बोटे ओठांना लावून सशाच्या पिलासारखा केविलवाणा आवाज काढला की ससे त्याच्या दिशेने येत. 1916 मध्ये तो क्षयाने गेला. पोप यांनी 1923 साली धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिले, आणि त्या पुस्तकाने अमेरिकेत हजारो माणसांच्या हातात धनुष्य दिले. 1961 मध्ये तिथल्या शिकाऱ्यांनी जी संस्था काढली तिला नाव दिले पोप आणि त्यांचे सोबती यंग यांचे. ज्याच्याकडून विद्या आली त्याची जमात नकाशावरून पुसली गेली होती. निदान पोप यांनी त्याचे नाव पुस्तकात गुरू म्हणून लिहून ठेवले, एवढे त्यांचे श्रेय.

आपल्याकडे हे गुरू अजून जिवंत आहेत. ते संग्रहालयात नाहीत, पालात आणि गावाबाहेरच्या वस्तीत आहेत.

शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेतला मुलूख. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस इथे येईपर्यंत पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. घोड, भीमा, मुळा-मुठा यांच्या काठची काळी जमीन सोडली तर बाकी मुरमाड माळ, हलकी रेताड रानं, बोरी-बाभळी, हिवर, तरवड. पाऊस पडला की कुसळी, पवन्या, मारवेल. पाहणाऱ्याला ओसाड वाटणारा हा माळ काळविटाचे, चिंकाऱ्याचे, लांडग्याचे, खोकडाचे, तरसाचे, तित्तरा-लाव्यांचे घर आहे, आणि एके काळी माळढोकाचेही होते. इथली शिकारही आजची नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या त्या कामातून इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळातले शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. सातू पिकवणारी, गुरे पाळणारी ही माणसे हरणेही मारून खात होती, हे त्यांच्या घरांतल्या हाडांवरून कळते. शेवटच्या तीनशे वर्षांत पाऊस ओढ देऊ लागला, शेती लटपटली, तेव्हा शेळ्या-मेंढ्यांवर आणि शिकारीवर त्यांचा भर वाढला असे ढवळीकरांनी मांडले आहे. दुष्काळात माळाकडे वळायचे, ही या भागाची चाल तीन हजार वर्षांची आहे.

त्या माळाचे सर्वांत जाणते रहिवासी म्हणजे फासेपारधी. गुजरातीशी जवळीक असलेली त्यांची वागरी बोली, त्यांची देवी, त्यांची जातपंचायत, या सगळ्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला इथे त्यांच्या कामाविषयी बोलायचे आहे, कारण त्याकडे लक्ष सर्वांत कमी गेले.

काळविटाचा फासा म्हणजे जनावराच्या तातीचे किंवा चामड्याच्या वादीचे सरकते फास. ते एका लांब दोरीला ओळीने बांधलेले असतात आणि दोरी खुंट्या ठोकून जमिनीलगत ताणलेली असते. खुंटी गवताच्या बुंध्याआड, दोरी मातीच्या रंगाची, आणि फास इतका अलगद उभा की त्यातून वारा गेला तरी मिटू नये, पण खूर अडकला की क्षणात आवळावा. ही ओळ माळावर कुठेही लावून चालत नाही. कळप सकाळी कुठून चरायला निघतो, दुपारी कोणत्या बाभळीच्या सावलीला येतो, पाण्याला कोणत्या घळीने उतरतो, बुजला तर कोणत्या बाजूला पळतो, नर आपल्या हद्दीच्या कोणत्या जागी रोज लेंड्या टाकतो, हे सगळे आधी बघून ठेवलेले असते. तित्तरासाठी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे बारीक फास. पिंजऱ्यातला पाळीव तित्तर बोलू लागला की रानातला नर आपल्या हद्दीत कोण आला म्हणून भांडायला येतो. एल्कला बोलावणाऱ्या अमेरिकन शिकाऱ्याची युक्ती हीच. फरक इतकाच की तो पडदा दुकानातून विकत आणतो.

रॉकीच्या रानात शत्रू वारा असतो, माळावर शत्रू नजर. झाड नाही, झुडूप नाही, आणि काळवीट अर्ध्या मैलावरून माणूस ओळखते. दोन पायांवर उभी असलेली कोणतीही आकृती दिसली की कळप सुटतो, आणि सुटलेल्या काळविटाला गाठणे तेव्हा एका चित्त्यालाच जमे. फासेपारध्यांनी यावर गाय शोधली. शिकवलेली गाय माळावर चरत चरत सावकाश पुढे सरकते आणि तिच्या आडोशाने, तिच्या पायांशी पाय जुळवत माणूस चालतो. चरणाऱ्या गुरांना काळवीट भीत नाही. रोज त्यांच्या शेजारीच ते चरते. अशा रीतीने कळपाला न बुजवता, हळूहळू, फाशांच्या ओळीकडे वळवायचे. ही गाय तयार करायला किती काळ जातो आणि किती माया लावावी लागते, याचा विचार करावा. कुठे थांबायचे, कुठे मान खाली घालायची, कोणत्या दाबाने कुठे वळायचे हे त्या मुक्या जनावराला कळलेले असे. जगातल्या शिकारीच्या तंत्रांत इतके सौम्य आणि इतके हुशार तंत्र मला दुसरे माहीत नाही.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी या मुलखातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. त्यांना आढळले की नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी एकाच माळावर हिंडत असले तरी एकमेकांच्या ताटातले ओढून घेत नाहीत. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदूंचा भर मुंगूस, रानमांजर, उदमांजर असल्या जनावरांवर आणि पाण्यातल्या कासव-खेकड्यांवर. फासेपारधी हरणे आणि पक्षी यांच्यात पारंगत. त्याच अभ्यासात फासेपारध्यांची एक रीत नोंदली आहे आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर ते सोडून द्यायचे. पोट हातावर असलेल्या माणसाने हाती आलेले जनावर सोडायचे, ही लहान गोष्ट नाही. उद्याचा कळप कुठून येतो हे ज्याला ठाऊक आहे, आणि ज्याला उद्याही याच माळावर राहायचे आहे, तोच अशी रीत पाळतो. बंदूक आणि जीप घेऊन रात्री दिव्याच्या झोतात कळपच्या कळप लोळवणाऱ्या हौशी मंडळींना असली रीत नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत काळवीट उतरणीला लागले त्यात त्यांचा आणि माळ नांगरण्याचा वाटा मोठा. फाशाचा नव्हे.

तरी बदनाम झाला तो फासेवालाच. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. जन्मानेच गुन्हेगार. गाव सोडायचे तर परवानगी, रोज हजेरी, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी काटेरी तारांच्या आतल्या वसाहती. रात्री रानात जाणे हाच ज्याचा धंदा, त्याला रात्रीची हजेरी लावली म्हणजे त्याचा धंदाच मोडला. कोल्हापूरचे शाहू महाराज वेगळे. त्यांनी पारध्यांना राखणदारीची कामे दिली, कारण ज्याला चोरवाटा ठाऊक तोच चांगला राखणदार, हे त्यांना कळत होते. कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. कागदावरून शिक्का गेला, लोकांच्या मनातून गेला नाही. आजही या दोन तालुक्यांत कुठे चोरी झाली की पहिली गाडी कोणत्या वस्तीकडे वळते ते सगळ्यांना माहीत आहे.

मग 1972 उजाडले. एकाच वर्षी दोन देशांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांवरचा कर 1937 पासून वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवलेला होता. 1972 मध्ये धनुष्यबाणाचे सामानही त्या कराखाली आणले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्क लाखाच्याही खाली गेले होते, आज ते दहा लाखांच्या घरात आहेत. शिकाऱ्याच्या खिशातला पैसा रानाकडे वळवला, हे त्याचे एक मोठे कारण. त्याच साली भारताने वन्यजीव संरक्षण कायदा केला. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले, 1991 च्या दुरुस्तीने उरल्यासुरल्या परवान्यांची वाटही बंद झाली. पहिल्या अनुसूचीतल्या जनावराच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आहे.

हा कायदा योग्य होता आणि आजही योग्य आहे, हे मी स्पष्ट लिहून ठेवतो. आपल्याकडे माणसे अफाट, माळ तोकडे, कळप थोडे. सुपे इथले मयूरेश्वर अभयारण्य दौंडच्या शिवेपासून जवळ आहे. ते 1997 मध्ये झाले, क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. भीमेपलीकडे कर्जत तालुक्यातले रेहेकुरी त्याच्याही निम्म्याहून लहान. एवढ्याशा जागेत टिकलेल्या चिंकाऱ्या-काळविटांवर शिकारीचा भार टाकणे म्हणजे त्यांचा शेवट. फासा पुन्हा माळावर यावा असे या पानांत कुठेही म्हटलेले नाही.

माझी तक्रार दुसरी आहे. फासा काढून घेतला तेव्हा फासेवाल्याचे डोळे, कान आणि डोक्यातली माहिती कामाला लावता आली असती, आणि ती लावली नाही. जंगल खात्यात माग काढणारा माणूस लागतो. तो परीक्षा देऊन तयार होत नाही. गणना करायला, रात्रीचा पहारा करायला, चोरटा फास ओळखून उचलायला, पक्ष्याचे घरटे गवत न तुडवता शोधायला पारध्याहून लायक कोण? उलट माळाची आम्हाला इतकी कमी जाण की ‘पडीक’ म्हणून आम्ही त्यात चर खणले आणि गिरिपुष्पाची झाडे लावली. झाड लावणे म्हणजे पुण्यच, अशी आमची समजूत. गवतावर जगणाऱ्या जनावराला झाडीत डोळ्यांपुढचा मोकळा माळ हरवतो आणि लांडग्याला पिलांसाठी बीळ करायची जागा उरत नाही. हे कोणत्याही म्हाताऱ्या पारध्याने पहिल्याच दिवशी सांगितले असते. त्याला कुणी विचारले नाही.

दरम्यान मुलूखच बदलला. चासकमानचे पाणी शिरूरला आणि खडकवासल्याचे दौंडला आले, ऊस आला, कारखाने आले. रांजणगाव आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. माळ आक्रसला आणि उसात बिबट्या शिरला. शिरूरच्या शेतकऱ्याला आज पहाटे पाण्याची बारी धरायला जाताना जी धास्ती असते, ती त्याच्या आजोबांना नव्हती. या भांडणात जनावराचा माग वाचणाऱ्या माणसाची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे. कोणत्या फडात मादी पिलांसह आहे, कोणत्या बांधावरून ती रोज ओलांडते, हे पंजावरून सांगणारा माणूस गावात असेल तर पिंजरा नेमका लागेल आणि माणसेही वाचतील.

हे होऊ शकते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. अकोला-वाशीम भागात कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ संस्थेने फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ राने आणि तणमोर यांच्या रक्षणाचे काम केले. तणमोर हा पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावणारा दुर्मिळ पक्षी. तो कुठे उतरतो, घरटे कुठे घालतो हे पारध्यांना ठाऊक होते. ज्या हातांनी फास लावले त्याच हातांनी रान राखले. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात पारध्यांची तरुण मुले पाहुण्यांना पायी रानात नेऊन माग दाखवतात आणि त्यावर त्यांची घरे चालतात. शिरूर-दौंडला हे का होऊ नये, याचे एकही पटणारे कारण मला सापडत नाही.

पुढची पाने वाचताना एक लक्षात ठेवावे. इथे आलेली माहिती वस्तीतल्या वृद्ध स्त्री-पुरुषांची आहे. शिकार त्यांनी कधीच सोडली आणि ती पुन्हा करण्याची त्यांची इच्छाही नाही. त्यांची नावे जाणूनबुजून छापलेली नाहीत, कारण नाव छापल्याने दारात कोण येऊन उभे राहील याची त्यांना अजून खात्री नाही. फास कुठे आणि कसा बांधायचा याचा नेमका कृतिपाठही गाळला आहे. त्याचा गैरवापर करणारे लोक आज आहेत.

ज्यांच्या शिवारात पारध्यांची वस्ती आहे त्या वाचकांना मात्र माझी विनंती आहे. ही माणसे आता थोडी उरली आहेत. गावच्या शाळेतल्या शिक्षकांनी, कॉलेजातल्या मुलांनी, वनरक्षकांनी त्यांच्याकडे जावे, सोबत माळावर चालावे आणि ते दाखवतील ते लिहून घ्यावे. त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा. ग्रामसभेत त्यांच्या मुलांच्या दाखल्यांचा, रेशनकार्डांचा आणि घरांच्या जागेचा विषय अडकला असेल तर तो आधी मार्गी लावावा, आणि वनखात्याने या दोन तालुक्यांत पहाऱ्यासाठी माणसे नेमताना पहिला निरोप त्या वस्तीवर धाडावा.